आय-१३० प्रलंबित असताना नवऱ्याकडे जाऊन यायचं: दारव्हा तालुक्यातलं एक प्रकरण

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

वैशाली यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढल्यावर २०२३ मध्ये ती नियमित वेतनश्रेणीत आली. नवरा नितीन मूळचा शेजारच्याच दिग्रस तालुक्यातला. मामाने त्याच्या आईसाठी केलेल्या अर्जावर तो एकवीस वर्षांचा होण्याआधी आईवडिलांसोबत अमेरिकेत गेला आणि पुढे तिथला नागरिक झाला. राहतो न्यू जर्सीत. डिसेंबर २०२२ मध्ये गावातच लग्न झालं. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणीचं ज्ञापन भरलं. तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्या त्याच आठवड्यात घेतल्या, त्यामुळे प्रमाणपत्र वेळेत हाती आलं. हे नीट झालं म्हणून बाकीचंही नीट असेल, असं सगळ्यांनी धरून घेतलं.

मार्च २०२३ मध्ये नितीनने पत्नीसाठी आय-१३०, म्हणजे जवळच्या नातेवाइकाला अमेरिकेत कायमचं बोलवायचा अर्ज, दाखल केला. तो नागरिक असल्यामुळे वार्षिक कोट्याची रांग या प्रकरणात नव्हती. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीचा अर्ज एफ-२ए या वर्गात जातो आणि तिथे अमेरिकी सरकारच्या मासिक व्हिसा बुलेटिनमधली तारीख पुढे सरकायची वाट बघावी लागते. इथे वाट होती ती फक्त टप्प्यांची: आधी यूएससीआयएसची, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याची, मंजुरी, मग नॅशनल व्हिसा सेंटर म्हणजे एनव्हीसीकडे फी आणि कागदपत्रं, मग वैद्यकीय तपासणी, आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत.

अडचण

पहिला टप्पाच वर्षभराचा दिसत होता. नितीनची नोकरी नवी, वर्षाला मोजकीच रजा. वैशालीकडे मात्र उन्हाळ्याची मोठी सुट्टी. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा साधारण पंधरा दिवस उशिरा, जूनच्या अखेरीस नाहीतर १ जुलैला उघडतात. म्हणजे मे आणि जून जवळपास पूर्ण मोकळे. तेवढ्यात तिने बी-२ पर्यटक व्हिसावर जाऊन यावं, असं दोन्ही घरांचं ठरलं.

सल्ले भरपूर मिळाले. तालुक्याच्या गावात पासपोर्टचे फॉर्म भरून देणाऱ्या एकाने सांगितलं की स्थलांतराचा अर्ज चालू असेल तर पर्यटक व्हिसा मिळतच नाही, म्हणून तो प्रश्न आला की ‘नाही’ लिहायचं. घरातल्या एका काकांनी त्याला दुजोरा दिला: “लिहून दे ना बाप्पा नाही म्हनून. कोन पाहाले येते तिथं?”

यातला पहिला भाग अर्धसत्य आहे आणि दुसरा घातक. आय-१३० प्रलंबित असताना बी-२ मागायला कायद्याने बंदी नाही. पण अमेरिकी कायद्याचं कलम २१४(बी) प्रत्येक पर्यटक अर्जदाराला आधी स्थलांतरितच मानतं, आणि आपण परत येणार हे पटवून द्यायचं ओझं अर्जदारावर टाकतं. ज्या बाईच्या नावाने नवऱ्याने स्थलांतराचा अर्ज आधीच टाकलेला आहे, तिचं ओझं साहजिकच जड. पर्यटक व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो: तुमच्या वतीने यूएससीआयएसकडे कुणी स्थलांतर अर्ज केला आहे का? तो अर्ज त्याच सरकारच्या नोंदीत बसलेला असतो. तिथे ‘नाही’ लिहिणं म्हणजे महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती देणं, आणि त्याची शिक्षा कायमची अपात्रता. पुढे स्थलांतर व्हिसाच्या वेळी ती आडवी येते. मग माफीचा आय-६०१ अर्ज करून नवऱ्याला टोकाचा त्रास होईल हे सिद्ध करत बसावं लागतं. सात-आठ आठवड्यांच्या भेटीसाठी आयुष्यभराचा व्हिसा पणाला लावायचा, असा हा सल्ला होता. वैशालीने ‘होय’ लिहिलं. सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो बरोबर होता.

समोरचे पर्याय

बी-२ मागायचा, हा एक. त्याची फी जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेपंधरा हजारांच्या आसपास. नकार आला तर परत मिळत नाही. २०२३ च्या सुरुवातीला भारतातल्या वकिलातींत पहिल्यांदा बी-२ मागणाऱ्यांची मुलाखतीची रांग पाचशे दिवसांच्या पुढे गेली होती. पुढे ती कमी झाली, तरी त्या उन्हाळ्यात जाणं अशक्यच होतं. बघायचा तो २०२४ चा उन्हाळा.

बी-२ वर जायचं आणि तिथेच राहून ग्रीन कार्डचा अर्ज करायचा, हा दुसरा. नात्यातल्या कुणीतरी हे केलं होतं म्हणे. नागरिकाचा जोडीदार रीतसर तपासणी होऊन देशात आला असेल तर तिथून अर्ज करू शकतो, हे खरं. पण जातानाच मनात तसं असेल आणि वकिलातीत किंवा विमानतळावर “फिरायला चालले” असं सांगितलं असेल, तर तीही खोटी माहितीच ठरते. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत असं पाऊल उचललं तर हेतूबद्दल थेट संशय घेतला जातो. शिवाय अर्ज टाकल्यावर आगाऊ परवानगी मिळेपर्यंत देश सोडता येत नाही, म्हणजे शाळेची नोकरी गैरहजेरीत जाणार. वैशालीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. हा मार्ग दोघांनी एका फोनवर सोडून दिला.

कुणी के-३ व्हिसाचं, म्हणजे आय-१३० प्रलंबित असताना नागरिकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाचं, नाव काढलं. तो कागदावर आहे, पण बहुतेक वेळा आय-१३० आधी मंजूर होतो आणि के-३ ची फाइल तिथेच बंद पडते.

तिसऱ्या देशात भेटायचं, हाही विचार झाला. काठमांडूला भारतीयाला व्हिसा लागत नाही आणि अमेरिकी पासपोर्टवर तिथे पोचल्यावर मिळतो. नागपूरहून शारजा आणि दोहाची विमानं आहेत, पण दुबई-शारजाला वैशालीला व्हिसा काढावा लागला असता. खरी अडचण तिच्या नोकरीची होती. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला परदेशी जायला परवानगी लागते. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक) असा तो कागद फिरतो. आठ दिवसांच्या भेटीसाठी एवढी फिरवाफिरव नको, म्हणून हा पर्याय बाजूला पडला.

राहिला तो सर्वांत साधा: नितीनने यायचं. यात तिकिटाचा खर्च आणि त्याची रजा सोडली तर कुणाची परवानगी लागत नाही. माजी भारतीय नागरिक म्हणून ओसीआय (भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्ड काढलं की दर वेळी व्हिसाचीही कटकट नाही. त्यासाठी आधी जुन्या भारतीय पासपोर्टचं त्यागपत्र लागतं. ते त्याच्याकडे होतं.

इथे एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही, आणि आमच्या मते ती निर्णायक होती. नितीन आला की त्याच्या पासपोर्टवर पडणारे शिक्के, विमानाची तिकिटं, दोघांचे गावातले फोटो हे सगळं लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून मुख्य फाइलला लागतं. वैशालीने बी-२ साठी घातलेला वेळ मुख्य फाइलला काहीच देत नव्हता, मिळाला असता तर फक्त भेट देत होता. एकाच पैशात दोन कामं होत होती, ती नवऱ्याच्या येण्याने.

काय केलं

दोघांनी बी-२ मागायचं ठरवलं. डीएस-१६० भरला, फी भरली, आणि रद्द झालेल्या तारखा सुटतात का यावर नजर ठेवली. फेब्रुवारी २०२४ ची तारीख हैदराबादला मिळाली. मुंबईची त्याहून बरीच पुढची होती. दारव्ह्याहून हैदराबाद तसं परवडतं: यवतमाळ, पांढरकवडा आणि तिथून ४४ नंबरच्या महामार्गाने आदिलाबादवरून खाली. बायोमेट्रिक्स एक दिवस आधी. ते आणि मुलाखत लागोपाठ ठेवली तर मुक्काम एकच होतो.

फाइल मोठी होती. शाळेचं पत्र, पगाराच्या स्लिपा, सुट्टीचं परिपत्रक, वडिलांच्या नावचा सातबारा आणि आठ-अ, घराचा कर भरल्याची पावती, बँकेचं पासबुक. विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये सातबारा असतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो तसाच घरी येतो. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते, आणि अधिकाऱ्याने डीएस-१६० आधीच वाचलेला असतो. त्याचा निर्णय तोंडी उत्तरांवर आणि फॉर्मवर होतो. वडिलांची जमीन हे मुलीच्या परत येण्याचं कारण होत नाही, लग्न झालेल्या मुलीच्या तर नाहीच.

फॉर्ममध्ये दोन गोष्टी चुकल्या होत्या. मुक्काम तीन महिने लिहिला होता. नितीनचं म्हणणं, “सहा महिने देतातच, मग तीन तर लिही.” पण शाळेच्या पत्रात सुट्टी मे-जूनची, म्हणजे आठ आठवडे. नियमित वेतनश्रेणीतली नोकरी हेच परत येण्याचं सर्वांत भक्कम कारण, आणि फॉर्मनेच त्याला छेद दिला. दुसरी चूक जन्मठिकाणाची. ती पुढे.

मुलाखत इंग्रजीत झाली. मुंबईच्या वकिलातीत मराठीत मुलाखत मागता येते. हैदराबादची लवकरची तारीख घेताना ती सोय सुटली. तिचं इंग्रजी शिकवण्यापुरतं चांगलं आहे, पण अडचणीच्या प्रश्नावर आडवळणाने बोलण्याइतकं नाही. प्रश्न असे आले: कुणाकडे चाललात, नवरा नागरिक आहे का, अर्ज कधी केला, किती दिवस राहणार. मग: “तुम्ही तिथे असतानाच अर्ज मंजूर झाला तर काय कराल?” तिने उत्तर दिलं की मग तिथेच राहता येईल. तिच्या मनात कायदा मोडायचं काही नव्हतं. अर्ज मंजूर म्हणजे राहायची परवानगी, असा तिचा समज होता. प्रत्यक्षात आय-१३० मंजूर होणं म्हणजे फक्त नातं मान्य होणं. त्याने ना व्हिसा मिळतो ना राहायचा हक्क. खरं आणि पुरेसं उत्तर असं असतं: “मंजूर झाला तरी मुलाखत मुंबईलाच द्यायची आहे, आणि १ जुलैला माझी शाळा आहे.”

२१४(बी)चा छापील कागद मिळाला. त्यावर अपील नसतं, फक्त नवी फी भरून नवा अर्ज.

खरा उशीर

मार्च २०२४ मध्ये आय-१३० मंजूर झाला आणि फाइल एनव्हीसीकडे गेली. फी दोन: स्थलांतर व्हिसाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राचे १२०. हमीपत्र म्हणजे आय-८६४. त्यात प्रायोजकाचं उत्पन्न दारिद्र्य मर्यादेच्या किमान १२५ टक्के लागतं. नितीनचं सहज होतं. मग डीएस-२६०, म्हणजे स्थलांतर व्हिसाचा फॉर्म, आणि नागरी कागदपत्रं. तिथे गाडी अडली ती जन्म दाखल्यावर.

वैशालीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मगाव वडिलांचं, दारव्हा तालुक्यातलं. आधार आणि पासपोर्ट त्यावरून काढलेले. ग्रामपंचायतीत १९९६ चं रजिस्टर उघडलं तर नोंद नाही. “नोंद आढळून येत नाही” असा दाखला घेऊन आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं लावायची, असं जवळपास ठरलं होतं. तसा मार्ग आहेही. पण मग आईने सांगितलं, ही थोरली, बाळंतपण माहेरी झालं. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची रीतच, आणि जन्माची नोंद कायद्याने जिथे जन्म झाला तिथेच होते. त्यामुळे आजोळच्या गावी शोध. तिथेही नाही, कारण बाळंतपण गावात नव्हे, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झालं होतं आणि नोंद तिथल्या नगर परिषदेकडे. त्यात जुन्या कागदांवर जिल्हा अकोला. १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा झाला, म्हणून अकोल्याला एक हेलपाटा फुकट गेला.

नोंद सापडली. तारीख बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, मुलीच्या नावाचा रकाना रिकामा. आईचं नाव माहेरचं; लग्नात बदललेलं नाव आधारवर. नावाचा रकाना अर्ज, शाळेचा दाखला आणि आईवडिलांच्या प्रतिज्ञापत्रावर भरून घेतला. आईच्या दोन्ही नावांची बाई एकच, याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. शाळेचा दाखला फक्त मराठीत, म्हणून त्याचं भाषांतरकाराच्या सहीनिशी इंग्रजी भाषांतर. जन्म आणि विवाहाची प्रमाणपत्रं दोन्ही भाषांत छापलेली असल्यामुळे त्यांना ते लागलं नाही.

आता जन्म दाखल्यावर ठिकाण वाशिम जिल्ह्यातलं, पासपोर्टवर दारव्हा तालुक्यातलं. नागपूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून दुरुस्त पासपोर्ट घेतला, जुना जपून ठेवला. नवऱ्याचं नाव मधे घालायचा मोह याच वेळी झाला होता. तो टाळला, नाहीतर विवाह प्रमाणपत्र सोडून प्रत्येक कागदाला पुन्हा खुलासा जोडावा लागला असता. पोलीस दाखला पासपोर्ट सेवा केंद्राकडूनच मिळतो, पण पडताळणी पत्त्यावर होते. ती शाळेच्या गावी खोली घेऊन राहत होती आणि पासपोर्टवर माहेरचा पत्ता, म्हणून हवालदार दोनदा येऊन परत गेला.

या सगळ्यात चार महिने गेले. जुलै २०२४ मध्ये एनव्हीसीने फाइल पूर्ण असल्याचं कळवलं. हेच काम २०२३ च्या उन्हाळ्यात, बी-२ च्या तारखा शोधण्याऐवजी झालं असतं तर हे चार महिने वाचले असते. नगर परिषदेच्या रजिस्टरला यूएससीआयएसच्या मंजुरीची वाट बघायची गरज नव्हती.

परिणाम

नितीन २०२३ च्या दिवाळीला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात येऊन गेला. दुसऱ्या खेपेला हेलपाट्यांना तोच गाडी चालवत होता.

मुंबईची मुलाखत नोव्हेंबर २०२४ ला लागली. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे, मुंबईतच. लसींच्या नोंदी लहानपणच्या असतील तर सोबत न्याव्यात. नसतील तर तिथे पुन्हा टोचतात आणि पैसे लागतात. या वेळी मुलाखत मराठीत मागितली. डीएस-२६० मध्ये आधी व्हिसा नाकारला गेला का, याला ‘होय’ लिहिलं होतं. त्यावर एकच प्रश्न आला. २१४(बी)चा नकार परत न येण्याच्या शंकेचा असतो. स्थलांतर व्हिसात परत यायचंच नसतं, त्यामुळे तो आडवा आला नाही. जास्त वेळ गेला तो जन्मठिकाणावर. डीएस-१६० मध्ये एक गाव, डीएस-२६० मध्ये दुसरं. दुरुस्त जन्म दाखला, दोन्ही पासपोर्ट आणि प्रतिज्ञापत्र दाखवल्यावर प्रश्न मिटला. कागद घरी सरळ व्हायच्या आधी बी-२ चा फॉर्म घाईने भरला नसता, तर खुलासा द्यायची वेळच आली नसती. आठवडाभरात पासपोर्टवर व्हिसा आला. राजीनामा तिने त्यानंतर दिला, आधी नाही. मुलाखत झाल्यावरही फाइल ‘प्रशासकीय प्रक्रिये’त महिनोन् महिने अडकू शकते, आणि तेवढ्यात नोकरीही नाही आणि व्हिसाही नाही, अशी गत होते.

वेगळं काय करता आलं असतं

बी-२ मागायलाच नको होता, असं म्हणणं सोपं आहे. आमचं मत तितकं टोकाचं नाही. मुंबईची तारीख, मराठीत मुलाखत, फॉर्ममध्ये शाळेच्या सुट्टीत बसणारे सात आठवडे, आणि “मुलाखत मुंबईलाच देणार” हे उत्तर, एवढं जमलं असतं तर शक्यता सुधारली असती. तरी नकाराची तयारी ठेवावीच लागते. लग्नाला जेमतेम वर्ष झालेली, मूल नसलेली, नवरा तिथे असलेली तरुण बाई परत येईल यावर अधिकारी सहज विश्वास ठेवत नाही, आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्यात नवल नाही. नकारानंतर लगेच दुसरा अर्ज टाकायचा विचार घरात झाला होता. परिस्थितीत काही बदल नसताना तो टाकणं म्हणजे आणखी १८५ डॉलर घालवणं, म्हणून तो सोडला. हे योग्यच झालं.

एक निर्णय मात्र फार चांगला झाला. व्हिसा आला तेव्हा लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायला काही आठवडे बाकी होते, म्हणून वर्ग सीआर-१ पडला. सीआर-१ वर आत गेलं की ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरून पुन्हा लग्न खरं असल्याचं दाखवावं लागतं, नवी फी वेगळी. पण वर्ग ठरतो तो प्रवेशाच्या दिवशी. व्हिसाची मुदत साधारण सहा महिन्यांपर्यंत, वैद्यकीय तपासणीच्या तारखेला बांधलेली असते. घरच्यांचं म्हणणं होतं, लगेच निघ. वैशाली थांबली. आईचं ऑपरेशन उरकलं आणि ती जानेवारी २०२५ मध्ये गेली. यूएससीआयएसची २३५ डॉलरची स्थलांतर फी निघण्याआधी ऑनलाइन भरली.

नेवार्कच्या विमानतळावर अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र दाखवून, दोन वर्षं झाली आहेत, आयआर-१ म्हणून (दोन वर्षं पूर्ण झालेल्या लग्नाचा वर्ग, कार्ड बिनशर्त) प्रवेश द्या, असं तिने स्वतः सांगितलं. हे आपणच सांगायचं असतं. व्हिसावर सीआर-१ छापलेलं असतं आणि रांगेत कुणी लग्नाची तारीख मोजत बसत नाही. शिक्क्याशेजारी हाताने लिहिलेला वर्ग तिथेच वाचून घ्यायचा, आणि पोस्टाने कार्ड आलं की त्यावरचा वर्ग आणि संपण्याची तारीखही तपासायची. दहा वर्षांऐवजी दोन वर्षांची तारीख दिसली, तर प्रवेशाच्या शिक्क्याची प्रत आणि विवाह प्रमाणपत्र जोडून आय-९० या फॉर्मवर चूक दुरुस्तीचा अर्ज करता येतो.